लिंबू गिलासात हाय

रत्नाबाईंचं नाक गेलं, ही गोष्ट मुळशीच्या पाण्याकाठच्या त्या वस्तीत फक्त रत्नाबाईंना ठाऊक होती. निदान त्यांची तशी समजूत होती. नाक गेलं म्हणजे चेहऱ्यावरून नव्हे. तिथं ते चांगलं ठसठशीत होतं आणि त्यात लाल खड्याची चमकीही होती. गेला होता तो वास. नवरात्राच्या आधी ताप आला, चार दिवस राहिला, पाचव्या दिवशी उतरला आणि उतरताना वास सोबत घेऊन गेला. लसूण तेलात पडला की तडतड ऐकू यायची, तांबूस झालेला दिसायचा, पण तेवढंच. घरचा नवा इंद्रायणी तांदूळ शिजताना ताम्हिणीकडं जाणाऱ्या गाड्या रस्त्यावर थांबाव्यात असा घमघमाट सुटतो. रत्नाबाई त्या वाफेत तोंड घालून उभ्या राहायच्या आणि त्यांना नुसतं गरम लागायचं.

दुसऱ्या कुणाचा वास गेला असता तर त्यानं चारचौघांत सांगून टाकलं असतं. पण रत्नाबाईंची सगळी पत त्या नाकावर उभी होती. भैरवनाथाच्या उत्सवात नैवेद्याचा स्वयंपाक तीस वर्षं त्यांच्याकडं. नैवेद्य देवाला दाखवायच्या आधी चाखायचा नाही, तो उष्टा होतो, हा नियम सगळ्यांनाच. बाकीच्या बायका अंदाजानं मीठ टाकायच्या आणि पुढचं देवावर सोडायच्या. रत्नाबाई मात्र झाकण उचलून एकदा वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "चिमूटभर कमी हाय." टाकायच्या, आणि ते बरोबर निघायचं. हळूहळू घरच्या स्वयंपाकातही त्यांनी चाखणं सोडलं. गावात बायका म्हणू लागल्या, रत्नाबाईचं नाक म्हणजे सोनाराचा काटा. अशी ख्याती एकदा झाली की माणूस तिचा नोकर होतो.

आणि नुसती ख्यातीच असती तरी एक वेळ चाललं असतं. राजूनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, पाण्याच्या बाजूला चार खोल्या बांधून त्यांत पाहुणे ठेवायला सुरुवात केली होती. शनिवार-रविवारी हिंजवडीची मंडळी यायची, पाण्यासमोर फोटो काढायची आणि खरं म्हणजे जेवायची. जेवण रत्नाबाईंच्या हातचं. ते बिघडलं तर उद्या सूनबाई पदर खोचून म्हणणार, आत्या (सासूला आत्या म्हणायची इकडची रीत), तुम्ही बसा आता, मी बघते. हे वाक्य रत्नाबाईंच्या चांगल्या ओळखीचं होतं, कारण सत्तावीस वर्षांपूर्वी ते त्यांनीच म्हटलं होतं. त्यांच्या सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, भाकरी एकदोनदा करपली, आणि रत्नाबाईंनी हात धरून त्यांना घरापुढच्या ओट्यावर नेऊन बसवलं. प्रेमानंच बसवलं. पण त्या दिवसानंतर घरात कुणी त्या म्हातारीला मीठ किती घालू म्हणून विचारलं नाही. ती चार वर्षं ओट्यावर बसून रस्त्याकडं बघत राहिली. रत्नाबाईंना हल्ली तो ओटा बघवत नसे.

म्हणून त्या हाताच्या सवयीवर रेटत होत्या. ओंजळीला किती, मुठीला किती, कितव्या उकळीला काय, हे हाताला पाठ होतं. जेवताना जिभेला खारट कळायचं, तिखट कळायचं, पण बाकीचा सगळा घास भुसा. त्यात शुभांगी, म्हणजे सून, स्वयंपाकघरात घिरट्या घालायला लागली होती. काही ना काही निमित्त काढून यायची. जाता जाता गॅस बारीक करायची. स्वयंपाक झाला रे झाला की रेग्युलेटर बंद करायची. "गॅस काय पळून चाललाय का?" रत्नाबाई फणकारायच्या. ती हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शिवाय तिला अलीकडं भूक फार. पाहुण्यांची पानं वाढायच्या आधीच वाटीभर रस्सा घेऊन उभ्या उभ्या खायची. रत्नाबाईंना आधी वाटलं, काही गोड बातमी असेल. तसंही काही नव्हतं. मग त्यांनी ठरवून टाकलं की पोरीचा डोळा चुलीवर आहे.

अशात जानेवारीतल्या एका मंगळवारी गौतमी आली.

ही गौतमी नाशिककडची. द्राक्षांची पांढरी वाइन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत कामाला. कामच असं की वाइन चाखायची आणि तिच्याबरोबर काय खावं ते ठरवायचं. कंपनीला मुळशीत पाण्याकाठी जेवणाच्या पंगती भरवायच्या होत्या. फार मोठ्या नाहीत, वीसेक माणसांच्या, महिन्यातून दोन रविवार. मोठी रिसॉर्टं सोडून ती या चार खोल्यांच्या घरी आली ती राजूमुळं. राजूनं फोनवर सांगून ठेवलं होतं की आमच्या आईसारखं नाक पुणे जिल्ह्यात नाही. पोरगा आईचं कौतुक करायला गेला आणि आईला खड्ड्यात घालून मोकळा झाला.

गौतमीनं बर्फाच्या पेटीतून तीन बाटल्या काढून दाखवल्या, एक उघडली आणि लांब दांड्याच्या गिलासात दोन घोट ओतली. रंग फिकट, भाताच्या पेजेवरच्या निवळीसारखा.

"मावशी, आधी तुम्ही वास घ्या," ती म्हणाली. "कशाबरोबर जेवायचंय ते कळलं की स्वयंपाक ठरवता येईल."

"दारूच की," रत्नाबाई म्हणाल्या.

"प्यायची नाही, नुसता वास घ्यायचा."

ओट्यावर बसलेल्या कुशाबांनी, म्हणजे रत्नाबाईंच्या मालकांनी, मान लांब केली. "तिला नको आसंल तर मी घेतो."

रत्नाबाईंनी गिलास नाकाला लावला. गार काच लागली. बाकी काही नाही. त्यांनी डोळे मिटले, कारण पूर्वी वास घेताना त्या डोळे मिटायच्या, आणि मिटल्या डोळ्यांनी त्या वाट बघत राहिल्या.

"पेरू येतोय ना?" गौतमीनं उत्साहानं विचारलं. "अर्धवट पिकलेला?"

देव पावला. "व्हय," रत्नाबाई म्हणाल्या. "पेरूच. कच्च्यावानी."

गौतमीनं एक घोट घेतला, तोंडात खुळखुळवला आणि शेजारच्या बादलीत थुंकला. कुशाबांच्या जिवाला फार लागलं. "थुकायचीच हाय तर घेती कशाला ही?" ते राजूला म्हणाले. राजूनं त्यांना गप्प केलं.

मग स्वयंपाक. रत्नाबाईंनी ठरवलं की आपला काळ्या वाटणाचा कोंबडीचा रस्सा करायचाच, कारण तो डोळे बांधूनही करता आला असता. राजूनं सकाळी धरणातली चिलापी मासळी आणली होती. तिला मीठ-हळद लावून तांदळाच्या पिठात घोळवून तळायची. पावट्याची उसळ, भात, तांदळाच्या भाकऱ्या. शुभांगी नेहमीप्रमाणं आतबाहेर करत होती. खोबरं भाजताना तिनं येऊन कढई हलवली आणि गॅस बारीक केला. रत्नाबाईंनी तिच्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर माहेरी गेली असती.

दुपारी पाण्याच्या बाजूच्या पडवीत पानं मांडली. पहिली बाटली उघडून ठेवल्यानं कोमट झाली होती, म्हणून गौतमीनं पेटीतली दुसरी गार बाटली उघडली. बूच निघालं. तिनं गिलासात ओतली आणि मोठ्या मानानं पहिला गिलास रत्नाबाईंच्या हाती दिला.

"पहिला वास तुमचा, मावशी. आता जेवणासमोर कशी वाटतेय बघा."

आता उत्तर ठाऊक होतं. रत्नाबाईंनी गिलास नाकाशी नेला, डोळे मिटले, मान डोलावली. "झ्याक," त्या म्हणाल्या. "पेरू आता आणखी सुटलाय. सकाळच्यापरीस गोड येतुया."

गौतमीनं हसत आपला गिलास उचलला, आणि तिचं हसू तिथंच थांबलं. तिनं पुन्हा हुंगलं. मग बूच उचलून हुंगलं. तिच्याजवळ उभ्या असलेल्या राजूनंही नाक वाकडं केलं. "ताई, हे ओल्या गोणपाटागत काय येतंय?"

"बाटली खराब निघाली," गौतमी हळूच म्हणाली. "कधी कधी बुचामुळं होतं. पेरूबिरू काही राहत नाही." आणि मग तिनं रत्नाबाईंकडं बघितलं.

रत्नाबाईंना वाटलं, बास, आता संपलं. तीन महिने झाकलेलं एका घोटभर पाण्यानं उघडं पाडलं, तेही परक्या पोरीसमोर. ओटा आला समोर. ओट्यावरची ती म्हातारी आली.

"आत्यांला सर्दी हाय," शुभांगी पटकन बोलली. "परवापास्नं. त्यामुळं त्यांला वास कळंना झालाय."

रत्नाबाईंनी चमकून सुनेकडं बघितलं. सर्दी नव्हती. ही पोरगी त्यांच्यासाठी खोटं बोलत होती, आणि इतक्या सफाईनं बोलत होती की ते वाक्य तिनं कधीपासून तयार ठेवलं असावं. आणि गंमत अशी की स्वतःचं खोटं तीन महिने पचवलेल्या बाईला सुनेचं एवढंसं खोटं पचेना.

"सर्दी न्हाई," त्या म्हणाल्या. गिलास खाली ठेवला. "नवरात्राच्या आधी ताप आला हुता, तवापास्नं वासच न्हाई मला. कशाचाच न्हाई. सकाळी तुमी पेरू म्हणला म्हून मी पेरू म्हणाले. तुमी वांगं म्हणला असता तर मी वांगं म्हणाले असते."

बोलून झालं. आभाळ कोसळायचं होतं ते काही कोसळलं नाही. खाली पाण्यावर एक बगळा उडाला. राजू तोंड उघडं ठेवून उभा होता. कुशाबांनी दुसऱ्या बाटलीकडं बोट दाखवून विचारलं, "खराब झाली म्हंजी काय झाली? दारू बी खराब हुती व्हय?" रत्नाबाईंच्या छातीवरचं काहीतरी उतरलं होतं, आणि त्यांना बसावंसं वाटलं, म्हणून त्या तिथंच पायरीवर बसल्या.

गौतमीही त्यांच्याजवळ येऊन बसली. "मावशी, आमच्याकडं दोघांची नाकं गेली होती तापात," ती म्हणाली. "वाइनच्या धंद्यात हो. एकाचं सहा महिन्यांनी आलं, एकाचं अजून अर्धंच आहे. दोघंही कामावर आहेत."

"बिननाकाचे काय काम करत्यात?"

"जिभेचं. तुम्हाला खारट कळतं?"

"खारट कळतंय. तिखट कळतंय. आंबट, गोड बी. पन चव न्हाई कशाला."

"ते चारही कळतात म्हणजे निम्मं घर शाबूत आहे," गौतमी म्हणाली. "वाइनशी जेवण जुळवायचं तर आधी तेच लागतं. आम्ही पेरू-पेरू करत बसतो आणि जीभ काय म्हणते ते ऐकायचं राहून जातं."

तिनं तिसरी बाटली उघडली, हुंगली, मान हलवली आणि थोडी ओतली. रत्नाबाई गिलासाकडं बघत राहिल्या. दारूचं एक होतंच. पण त्याहून मोठं म्हणजे पानं वाढायची बाकी होती आणि वाढायच्या आधी चाखायचं होतं. हात पुढं जाईना.

शुभांगी त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "आत्या, ह्यो नैवेद्य न्हाई. माणसांचं जेवण हाय. देव न्हाई रागवायचा." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन मी रोज चाखतीया की. मला न्हाई काय झालं."

रत्नाबाईंना हे शेवटचं नीट कळलं नाही, पण तो विचार त्यांनी बाजूला ठेवला. त्यांनी गिलासात जीभ बुडवली. मग एक लहान घोट घेतला आणि तो तोंडात धरून ठेवला.

"आंबट," त्या म्हणाल्या. "लिंबाच्या पान्यागत. पन लिंबू टक्कन लागतं आन जातं. हे मागं दाढंत रेंगाळतंय." मग काही वेळानं, "तोंडाला पानी सुटतंय."

"रस्सा घ्या आता."

त्यांनी वाटीतला रस्सा चमच्यानं जिभेवर घेतला. कितीतरी वर्षांत आपलाच रस्सा वाढायच्या आधी त्या पहिल्यांदा चाखत होत्या. तिखट होता, खारट बेताचा होता, ठीक होता. त्यावर वाइनचा घोट घेतला आणि त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "अगं आई गं. पेटलं की. दोघं भांडत्यात तोंडात. हिच्यासंगं रस्सा देऊ नगा, लोक पानी पानी करतील."

गौतमीनंही करून बघितलं आणि डोळ्यांतलं पाणी पुसलं. "रश्श्याचा वास इतका भारी होता की मी तोच वाढणार होते," ती म्हणाली.

मग मासा. शुभांगीनं सवयीनं त्यावर लिंबू पिळून तुकडा पुढं केला. रत्नाबाईंनी खाल्ला, घोट घेतला, थांबल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी स्वयंपाकघरातली ती जुनी चिकट हट्टी शोधक मुद्रा आली. "न्हाई जमत. आंबटावर आंबट झालं. गिलासातलं पानीच लागतंय निस्तं." दुसरा तुकडा त्यांनी स्वतः घेतला, लिंबाशिवाय. कुरकुरीत पीठ, तेल, मीठ. वर घोट. तेल धुऊन गेलं, मीठ मात्र राहिलं आणि जीभ पुन्हा तुकडा मागू लागली. वास नव्हताच. तरी तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंडात काहीतरी घडलं होतं, भुसा नव्हता तो.

शुभांगी दुसरं लिंबू कापत होती. रत्नाबाईंनी तिचा हात धरला.

"कापू नगंस. लिंबू गिलासात हाय."

गौतमीनं तसाच तुकडा खाल्ला, तसाच घोट घेतला, आणि या वेळी ती थुंकली नाही. कुशाबांनी समाधानानं मान हलवली.

पुढचं भराभर ठरलं. वाइनबरोबर तळलेली चिलापी, लिंबाशिवाय, आणि मिठाचा हात किंचित सैल. पावट्याच्या उसळीत मिरची अर्धी करून ओलं खोबरं वाढवायचं. भाकरी चालेल. रस्सा द्यायचाच, पण गिलास उचलून नेल्यावर, भाताबरोबर. हे सगळं रत्नाबाई सांगत गेल्या आणि गौतमी फोनवर लिहीत गेली. फेब्रुवारीतला पहिला रविवार पक्का करून, लवंग आणि लिंबाचं साल रोज सकाळी हुंगत जा, येईल किंवा नाही येणार पण हुंगत जा, असं बजावून ती निघाली. खराब बाटली राजूनं केळीच्या बुंध्यात ओतली. कुशाबा शेवटपर्यंत केळीजवळ उभे होते.

चार वाजता घर शांत झालं. शुभांगीनं चहाचं दूध गॅसवर ठेवलं. रत्नाबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या.

"रोज चाखतीस म्हणालीस," त्यांनी विचारलं. "म्हंजी वाटीभर रस्सा घेऊन हुबी राहायचीस ते?"

शुभांगी पातेल्याकडंच बघत राहिली. "मीठ बघायची. दोनदा कमी हुतं, घातलं. एकदा जास्त हुतं, बटाटा टाकला."

"आन रेग्युलेटर?"

"गॅस गळाया लागला तर तुमाला कळायचं न्हाई म्हून."

रत्नाबाईंच्या हातातली पाकळी तशीच राहिली. "कधी कळलं तुला?"

"दिवाळीच्या आधी दूध लागलं हुतं बघा. मी आंगणातनं वास घेत पळत आले आन तुमी पातेल्याशेजारी बसून भाजी निवडत हुता."

तीन महिने. तीन महिने त्या सुनेवर डोळे वटारत होत्या आणि सून त्यांच्या मागं मीठ बघत फिरत होती. रत्नाबाईंना लाज वाटली, आणि लाजेच्या मागून सासूबाईंची आठवण आली.

"मग बोलली का न्हाईस? तुझ्या हाती आलं असतं की सगळं."

"बोलले असते तर तुमी त्या दिवशीच ओट्यावर जाऊन बसला असता," शुभांगी म्हणाली. "मामंजींनी सांगितलंय मला थोरल्या आत्यांचं. हितं तुमी नसल्यावर मी कुणाला इचारू? ओंजळीला किती, मुठीला किती, मला कुटं पाठ हाय?"

रत्नाबाईंनी पदरानं डोळे पुसले, लसणाचं निमित्त करून, जरी लसणानं डोळ्यांत पाणी येत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. मग त्या पुन्हा सोलायला लागल्या. गॅसवर दूध चढत होतं. ते दूध लागल्यापासून अशा वेळी त्या पातेल्यावर नजर रोखून बसत, एक क्षण इकडंतिकडं बघत नसत. आज त्यांनी पाठ भिंतीला टेकली आणि पाय लांब केले.

"शुभांगे," त्या म्हणाल्या, "दूध लागतंय का गं? वास घे आन सांग."

"न्हाई आत्या. बसा तुमी."

आणि रत्नाबाई चुलीपाशीच निवांत बसून राहिल्या.